सात पॉइंट दोन

६ जानेवारी, सोमवार

कारखान्याकडून दर वर्षी डायरी मिळते आणि दर वर्षी ती आमच्या घरी फोनजवळ कोरी पडून राहते. या वर्षीची मी वापरणार आहे. आजपासून मी विभागप्रमुख आहे, आणि विभागप्रमुखानं टिपणं ठेवावीत असं माझं मत आहे.

विभागाचं नाव टाकाऊ व्यवस्थापन. तेरा वर्षं मी विलगीकरणात काढली. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या, एकसारख्याच वागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या काल्यातून एकेक धातू वेगळा काढायचा असतो, जुळ्या भावंडांना ओळखून वेगवेगळ्या बाकांवर बसवावं तसा. आता जे कुणालाच नको ते माझं. भट्टीत खनिज वाळू आम्लाबरोबर भाजतात तेव्हा निघणारा वायू, तो धुतल्यावर उरणारा पांढरा गाळ, आणि भाजून उरलेला काळपट चोथा. चोथ्यात थोडा किरणोत्सर्ग असतो, म्हणून तो काँक्रीटच्या कोठीत कुलपात. कोठीचं काम चोख आहे. अडचण गाळाची आहे. त्याचा अस्तर घातलेला खड्डा भरत आला आहे आणि नव्या खड्ड्याची परवानगी अडकली आहे.

साहेब म्हणाले, "आहे तो खड्डा वर्षभर पुरवा. हे तुम्हालाच जमेल."

बायकोनं विचारलं, "बढती आहे की बदली?"

मी म्हटलं, दोन्ही.

८ जानेवारी

धुलाई मनोरा पाहिला. तीन मजली आहे. वरून फवाऱ्यांनी चुन्याचं पाणी पडतं, खालून भट्टीचा वायू चढतो. वायूतलं फ्लोरिन चुना धरून ठेवतो आणि त्याचाच गाळ होतो. चुना किती सोडायचा ते इथले जुने ऑपरेटर ठरवतात. त्यांना सगळे मामा म्हणतात. कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नाही. सत्तावीस वर्षं मनोऱ्यावर आहेत, एप्रिलअखेर निवृत्त होणार. दर अर्ध्या तासानं तळचं वाटीभर पाणी घेतात, त्यात कागदाची रंगपट्टी बुडवतात, पट्टी उजेडात धरतात, नाक वर करून हुंगतात आणि मग झडप फिरवतात. सगळं अंदाजपंचे.

मी मोजून पाहिलं. चुना गरजेपेक्षा पंधरा टक्के जास्त जातो.

"मामा, तुमचा हात फार सैल आहे."

"आहे खरा. पण साहेब, चुना जास्त झाला तर गाळ दिसतो. कमी झाला तर काय होतं ते दिसत नाही."

माणूस बोलायला गमतीचा आहे. पण बोलण्यानं खड्डा पुरत नाही.

२० जानेवारी

मीटर बसला. एक काचेची कांडी मनोऱ्याच्या तळच्या पाण्यात कायम बुडालेली असते. ती आम्लता मोजते आणि आकडा खोलीतल्या पडद्यावर येतो. सात म्हणजे ना आम्ल ना अल्कली. आकडा सातच्या खाली घसरला की चुन्याची झडप आपोआप उघडते, वर आला की मिटते. माणसाची गरज नाही. बसवणाऱ्या लोकांनी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र दिलं, ते मी चौकटीत घालून भिंतीवर लावलं.

रंगपट्ट्यांचे डबे भांडारात जमा करायला सांगितले. दोन पद्धती चालू ठेवल्या की माणसं सोयीची तेवढी मानतात.

 मामांनी आज चहा माझ्याबरोबर घेतला नाही. मनोऱ्यावर काम आहे म्हणाले. तिथे आता काही काम उरलेलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे जेवायला. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. ताईनं कॉलेज सोडलं आणि मला शिकवलं. हे ती कधी बोलून दाखवत नाही, त्यामुळे मला ते विसरता येत नाही. भावोजी गेल्यापासून ती एकटीच फुलांची शेती बघते. कारखान्याची चिमणी तिच्या अंगणातून दिसते. रस्त्यानं दीड किलोमीटर, सरळ रेषेत त्याहून कमी.

या वर्षी तिनं ग्लॅडिओलसचे चार वाफे लावले आहेत. पात्या तलवारीसारख्या उभ्या होत्या. एका फूल-व्यापाऱ्यानं मार्चमधली सगळी फुलं आधीच सांगून ठेवली आहेत. शेजारचा मधमाश्या पाळणारा एक बरणी मध देऊन गेला. फार बोलतो.

जेवताना ताईनं विचारलं, "नवं काम काय आहे तुझं?"

मी अर्धा तास समजावून सांगितलं.

"म्हणजे तू धूर धुतोस."

मी म्हटलं, वायू. धूर वेगळा.

२६ फेब्रुवारी

गाळ निम्म्यावर आला. मी पंधरा टक्क्यांची कपात धरली होती, ही पन्नासच्या घरात गेली. मीटरची झडप माझ्या अंदाजापेक्षाही नेमकी चालत असली पाहिजे. या वेगानं खड्डा वर्ष नाही, दोन वर्षं पुरेल. साहेबांनी आलेख मोठा छापून दर्शनी फळ्यावर लावला आणि सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

मला गाळाच्या आलेखापेक्षा आम्लतेचा जास्त आवडला. पहिले अठरा दिवस रेघ थोडी थरथरते, सहा पॉइंट नऊ, सात पॉइंट सहा. मग सात पॉइंट दोन, सात पॉइंट दोन, सात पॉइंट दोन. इतकी सरळ रेघ तेरा वर्षांत विलगीकरणातही मला काढता आली नव्हती. माझ्या पाठीमागे मला 'पट्टी' म्हणतात, रेघा आखायची पट्टी, ते मला ठाऊक आहे. आज त्याचं वाईट वाटलं नाही.

२ मार्च, रविवार

ताईच्या ग्लॅडिओलसच्या पात्यांची टोकं तपकिरी झाली आहेत. टोकापासून नखाएवढा भाग वाळलेला, आणि वाळलेल्या-हिरव्याच्या मध्ये पेन्सिलीनं ओढावी तशी गडद कड. मी तिला सांगितलं, खत जास्त झालं असणार.

"तीस वर्षं मी खत घालते आहे," ती म्हणाली.

"मग पाणी."

विहिरीच्या पाण्याची बाटली भरून आणली. सोमवारी प्रयोगशाळेत तपासून घेईन. आपल्या शिक्षणाचा घरच्यांना उपयोग झाला की बरं वाटतं.

५ मार्च

पाणी उत्तम आहे. ताईला फोन करून कळवलं. "मग काय आहे?" म्हणाली. मी म्हटलं, आता निदान पाणी नाही हे तरी कळलं.

१० मार्च

मनोऱ्यावरच्या खोलीची खिडकी धुरकट झाली आहे. सफाईवाल्याला बोललो. तो म्हणाला, तीनदा पुसली, निघत नाही. साबण बदलायला सांगितला.

मामांचे डोळे लाल आहेत आणि खोकला आहे. सुट्टी घ्या म्हटलं. "सुट्टी नको, पट्ट्यांचा एक डबा परत द्या," म्हणाले.

"कशाला?"

"वास येतो."

"मामा, वासाचा आकडा नसतो."

ते पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर सात पॉइंट दोन होतं. मला त्यांची थोडी दया आली. सत्तावीस वर्षांचं काम एका काचेच्या कांडीनं घेतलं तर माणसाला वास यायचेच.

२३ मार्च, रविवार

व्यापाऱ्यानं ताईची फुलं नाकारली. पात्या बोटभर करपल्या आहेत आणि दांडे वाकडे आलेत. ताईनं मला चारही वाफ्यांतून फिरवलं. कारखान्याकडचे दोन वाफे सगळ्यात वाईट. अवजारांच्या खोलीच्या भिंतीआड जी एक ओळ आहे, ती हिरवीगार. मी नोंद केली: वारा यंदा फार कोरडा आहे, भिंतीआड लागत नसणार.

मग ती थांबली आणि सरळ विचारलं, "तुमच्या भट्टीतून काही येतं का रे?"

मधमाश्यावाल्यानं प्रदूषण नियंत्रण कार्यालयाला एक अर्ज लिहिला आहे. त्याच्या एकोणीस पेट्यांतल्या अकरा रिकाम्या झाल्या. त्याला ताईची सही हवी आहे, कारण ती करील तर पुढचे दोघेतिघेही करतील.

तिनं विचारलं याचं मला वाईट वाटलं नाही. तिला विचारण्याचा हक्क आहे. माझ्या पिशवीत आलेखाची प्रत होती. ती उघडून मी एकेक दिवस दाखवला. काय मोजतो, कसं मोजतो, प्रमाणपत्र कुणाचं आहे, सगळं सांगितलं. ती कागदाकडे बराच वेळ बघत होती. चष्मा घरात होता, तो आणायला गेली नाही.

"तू म्हणतोस तर नसेल," ती म्हणाली.

तिनं अर्जावर सही केली नाही. विज्ञान सोपं करून सांगितलं तर लोकांना पटतं, हा माझा अनुभव आहे.

४ एप्रिल

मामांच्या खिशात रंगपट्ट्या सापडल्या. बाहेरून स्वतः आणलेल्या. खाली हजेरीच्या टेबलावर पाच वापरलेल्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या. पाचही लाल. मी विचारलं तर म्हणाले, "आजच्या आहेत." लाल म्हणजे कडक आम्ल. मीटर सात पॉइंट दोन दाखवत होता. पट्ट्या दमट हवेत खराब होतात, तारीख उलटलेल्याही असतील.

मेमो दिला. निवृत्तीला सव्वीस दिवस राहिलेल्या माणसाला मेमो देणं मला आवडलं नाही. पण एकाला सूट दिली की शिस्त राहत नाही. मामांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, पोचपावतीवर सही केली आणि विचारलं, "साहेब, तुम्ही शेवटचं मनोऱ्यावर कधी आला होता?"

मी म्हटलं, पडदा माझ्या टेबलावरही आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी दहाला काचवाला आला, मनोऱ्यावरची धुरकट काच बदलायला. पाठोपाठ मी वर गेलो, कारण कामाच्या कागदावर माझी सही लागते. त्यानं जुनी काच काढून गुडघ्यावर ठेवली आणि नखानं खरवडली.

"साहेब, ही घाण नाही. काच खाल्ली आहे कशानं तरी."

मी बोट फिरवलं. काच खरखरीत होती. काच खातो तो फ्लोरिनचा वायू, हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत लिहिलं होतं आणि मला पूर्ण गुण मिळाले होते.

मीटरची कांडीही काचेची आहे.

तळाशी जाऊन कांडी बाहेर काढली. तिच्यावर अंगठ्याएवढा जाड पांढरा थर होता, दगडासारखा. तशीच नळाच्या पाण्यात धरली. सात पॉइंट दोन. मामांच्या कपातल्या चहात धरली. सात पॉइंट दोन. आम्लाच्या बाटलीत धरली. सात पॉइंट दोन.

मी मामांकडे हात पुढे केला. त्यांनी खिशातून डबी काढून दिली. मनोऱ्याच्या पाण्यात पट्टी बुडवली, ती बुडायच्या आत लाल झाली.

चुन्याची झडप हातानं पूर्ण उघडली. मामा दर पाच मिनिटांनी पट्टी लावत होते, मी घड्याळ बघत होतो. चाळीस मिनिटांत पट्टी हिरवी झाली. चाळीस मिनिटांचं काम होतं.

मामा एवढंच म्हणाले, "कप धुऊन टाकू का फेकू?"

मी म्हटलं, फेका.

१८ एप्रिल

मीटरच्या नोंदी काढल्या. ६ फेब्रुवारीपर्यंत आकडे हलतात. ७ फेब्रुवारीपासून हलत नाहीत. त्या दिवसापासून कांडी मेलेली आहे. आकडा सातच्या वर अडकला, म्हणून झडप जवळपास मिटूनच राहिली. सत्तर दिवस.

किती गेलं ते काढायला फार गणित लागलं नाही. जो गाळ आम्ही वाचवला म्हणून फळ्यावर लावला, त्यातला माझ्या खऱ्या कपातीचा भाग वजा केला. उरलेला गाळ झालाच नव्हता. त्यात जेवढं फ्लोरिन बसलं असतं तेवढं चिमणीतून गेलं. साडेनऊ टन. दोनदा करून पाहिलं.

साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"आता नीट चाललंय ना?"

"कालपासून."

"मग झालं ते झालं. नवी कांडी बसवा. हातानंही तपासत चला."

"आणि सत्तर दिवसांच्या नोंदी?"

"नोंदी मीटरच्या आहेत. मीटरनं दाखवलं ते आपण लिहिलं. यात खोटं कुठे आहे?"

 वाक्य म्हणून त्यात काही खोटं नव्हतं.

मग ते खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "हे बघा, मी तुमच्या भल्याचं सांगतो. मीटर तुम्ही मागितला, बसवला तुम्ही, पट्ट्या बंद केल्या तुम्ही, मेमोवर सही तुमची. कागदावर दुसरं कुणी नाहीच." त्यांनी जानेवारीपासूनचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवले होते. काळजीनं बोलत होते. इतकी तयारी त्यांनी कधी केली कोण जाणे.

१९ एप्रिल

पत्र नियंत्रण कार्यालयात स्वतः नेऊन दिलं. दीड पान. सत्तर दिवस, साडेनऊ टन, कारण, माझी सही. सोबत मामांच्या पाच लाल पट्ट्या. त्यांनी त्या तारीख घालून जपून ठेवल्या होत्या. टेबलावरच्या बाईंनी शिक्का मारला आणि विचारलं, "तक्रारदार कोण?"

मी म्हटलं, तक्रारदार नाही. मीच.

त्यांना फॉर्ममध्ये कोणत्या रकान्यात लिहावं ते कळेना. शेवटी 'इतर' लिहिलं.

२० एप्रिल, रविवार

ताईकडे गेलो. ती दुसऱ्या वाफ्यात करपलेल्या पात्या कापत होती. मी बांधावर बसलो आणि सांगितलं. काच, कांडी, झडप, साडेनऊ टन. मध्ये थांबलो नाही.

ती कापत राहिली. वाफा संपल्यावर उठली, कात्री पदराला पुसली.

"मी सही केली नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळे त्या दोघातिघांनीही केली नाही. त्याच्या उरलेल्या पेट्याही गेल्या."

"हो."

"तुझा तो कागद मी घरात लावला होता. भिंतीवर."

मला हे माहीत नव्हतं. 

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"काल पत्र दिलं. नियंत्रण कार्यालयात."

"आधी तिकडे दिलंस, मग माझ्याकडे आलास?"

"हो."

तिनं चिमणीकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावेल. आधी घरच्या माणसाला सांगायला हवं होतं हे मलाही कळत होतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "आधी मला सांगितलं असतंस, तर मी तुला जाऊ दिलं नसतं."

मग आत गेली. जेवायला थांब म्हणाली नाही. मी थोडा वेळ बसलो आणि घरी आलो. ती असं का म्हणाली यावर येताना विचार केला. मला वाटतं तिला नोकरीची भीती वाटली असेल.

२५ एप्रिल

चौघे अधिकारी येऊन गेले. भट्टी तीन आठवडे बंद. मनोरा आतून धुवायचा, फवारे बदलायचे, गाळाचा खड्डा मोजायचा. उपाहारगृहात माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. भट्टीवरचा एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "पट्टीनं आपल्यालाच फटके दिले." विनोद चांगला आहे.

मामांना डॉक्टरकडे नेलं. मीच नेलं. छातीचा फोटो काढला. फुफ्फुसं खराब झालेली नाहीत, पण श्वासनळ्या चिडल्या आहेत, महिनाभर औषध. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मेमो लेखी मागे घेतला आहे, प्रत तुमच्या घरी येईल.

"कागद घेऊन काय करू मी?" मामा म्हणाले. मग थोडं चालल्यावर, "पाठवा. बायकोला दाखवायचा आहे. तिनं तो पहिला कागद वाचला होता."

३० एप्रिल

मामांचा शेवटचा दिवस. भट्टी बंद, त्यामुळे समारंभाला माणसं भरपूर. साहेबांनी भाषण केलं, त्यात 'अनुभवाची शिदोरी' दोनदा आलं. मला बोलायला सांगितलं नाही. मामांनी निघताना रंगपट्ट्यांची डबी माझ्या टेबलावर ठेवली. अर्धी भरलेली होती.

१२ मे

विभागप्रमुखपद काढून घेतलं. चौकशी चालू राहील. विलगीकरणात परत घेत नाहीत, आणि मनोऱ्यावर मामांच्या जागी यायला कुणी तयार नाही. मी स्वतःहून म्हटलं, मी येतो. साहेबांना नवल वाटलं. सुटका झाल्यासारखंही दिसलं.

बायको म्हणाली, "आता ही काय आहे? बढती की बदली?"

पहिल्यांदाच मला तिच्या प्रश्नातलं हसू कळलं. मीही हसलो.

१५ मे

भट्टी पेटली. सकाळी सहा ते दोन. अर्ध्या तासानं वाटीभर पाणी, पट्टी, उजेड. तीन नवे मीटर बसवले आहेत आणि आठवड्याला कांडी बाहेर काढून धुवायची असा नियम झाला आहे. आज सोळा वेळा पट्टी लावली. पंधरा हिरव्या, एक पिवळट. पिवळट आली तेव्हा झडप दोन आट्यांनी उघडली. तिन्ही मीटरांवर ते चार मिनिटांनी उमटलं.

आकडे हलतात. सहा पॉइंट आठ, सात पॉइंट पाच, सात पॉइंट एक. आलेख वाकडातिकडा आहे. गाळ पूर्वीइतकाच होतो. खड्डा सप्टेंबरमध्ये भरेल. नव्या खड्ड्याची परवानगी अजून अडकलेली आहे, आणि ती मिळाली नाही तर काय करायचं याचं उत्तर कुणाकडेच नाही. उत्तर एकच आहे, भट्टी बंद ठेवायची. ते मी लेखी दिलं.

दुपारी वास आला. नाकाला जाणवेल न जाणवेल इतका. पट्टी हिरवीच होती. चिमणीजवळचं जोडकाम तपासलं तर एक बोल्ट सैल होता.

१८ मे, रविवार

नियंत्रण कार्यालयानं शाळेच्या सभागृहात बैठक घेतली. एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला आसपासचे लोक, मध्ये अधिकारी. साहेबांनी मला बरोबर नेलं, कारण आकडे हातानं घेणारा माणूस हजर हवा असं पत्रात होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. समोर पहिल्या रांगेत मधमाश्यावाला, त्याच्या पलीकडे ताई. मला बघून तिनं मान हलवली नाही. महिनाभर आमचं बोलणं झालेलं नाही.

साहेबांनी नव्या व्यवस्थेची माहिती वाचून दाखवली. मग अधिकाऱ्यानं विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का.

ताई उभी राहिली. साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही आता जे आकडे दिलेत, ते तुम्ही स्वतः घेतलेत का?"

पन्नास वर्षांत ती मला कधी तुम्ही म्हणाली नव्हती. मला उठून उभं राहावं लागलं.

"हो," मी म्हटलं. "आज सकाळचा शेवटचा, साडेनऊला. हातानं. आणि दहाला तो पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला."

"उद्या तुम्ही नसलात तर?"

"तर तेव्हाचे आकडे तुम्ही मानू नका."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ताई खाली बसली.

लोकांची मागणी एकच होती. मोजणी कुंपणाच्या बाहेरही झाली पाहिजे, आणि ती कारखान्यानं करायची नाही. त्याची पद्धत सोपी आहे. चुन्यात भिजवून वाळवलेले कागद शेतांमधून खांबांवर टांगायचे, महिन्यानं काढायचे आणि तपासायला पाठवायचे. हवेत फ्लोरिन असेल तर कागद ते धरून ठेवतो. अधिकाऱ्यानं मान्य केलं, पण त्याच्याकडे माणूस नव्हता. कागद लावायचे आणि काढायचे कुणी? लोकांनीच नाव सुचवावं, म्हणाला.

मी या कागदांचं सगळं वाचून ठेवलं होतं. किती भिजवायचे, किती उंचीवर टांगायचे, पावसापासून कसे जपायचे. सुट्टीच्या दिवशी जमण्यासारखं काम आहे. ताई माझं नाव घेईल असं मला वाटत होतं.

"मनोऱ्यावर होते ते मामा," ताई म्हणाली. "त्यांची तयारी असेल तर."

मामा मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना तोवर पाहिलंही नव्हतं.

"आहे," ते म्हणाले.

अधिकाऱ्यानं हात वर करायला सांगितलं. समोरचे सगळे हात वर गेले. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "हात खाली घ्या. मत त्यांनी द्यायचं आहे, आपण नाही."

मी घेतला नाही. अधिकाऱ्यानं बोटानं हात मोजले आणि मोठ्यानं सांगितलं, तेवीस. त्या बाजूला माणसं बावीसच होती.